राइशस्टाग अजून राइशस्टागच आहे

2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर नावांचा वाद काही थांबत नाही, आणि परवा मामेभावाने मलाही त्यात ओढलं. म्हणे, तुमच्या जर्मनीत बघ दादा, हिटलर गेला आणि राइश, म्हणजे राज्य किंवा साम्राज्य, हा शब्दच त्यांनी पुसून टाकला, आपणच सगळं जपत बसतो. ग्रुपवर एवढं सगळं मावणार नाही म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, तो शब्द हिटलरचा नाहीच. भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की जर्मनांच्या पूर्वजांनी, जर्मानिक लोकांनी, तो फार पूर्वी युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांकडून घेतला, त्यांच्याकडे रिक्स म्हणजे राजा, सीझरशी लढलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावातलं शेवटचं रिक्स तेच. लॅटिनमधला रेक्स आणि आपला राजन् पण त्याच कुळातले, म्हणजे आपलं राज्य आणि यांचं राइश लांबचे भाऊबंद निघतात. ऑस्ट्रियाला इथे ओस्टरराइश म्हणतात, पूर्वेकडचा मुलूख, 996 सालच्या एका दानपत्रात ते नाव आलंय. फ्रान्स म्हणजे फ्रांकराइश, आणि तिथे आज सम्राट नाही, तरी नाव तेच. माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकात प्राणिसृष्टीला टियरराइश लिहिलेलं असतं. इंग्रजीने हिटलरच्या राजवटीचं थर्ड राइश हे नाव भाषांतर न करता तसंच उचललं, आपण ते इंग्रजीतून घेतलं, आणि मग तो शब्द ऐकला की आपल्याला फक्त नाझीच दिसतात.

आणि दरवेळी साम्राज्य असाच अर्थ असतो असंही नाही. 1871 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, घोषणा झाली तेव्हा होता, पण पहिल्या महायुद्धानंतरची 1919 ची जर्मनीची वायमार राज्यघटना पहिल्याच कलमात सांगते की जर्मन राइश हे प्रजासत्ताक आहे. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीची रेल्वे तर शेवटपर्यंत राइशबान याच नावाने धावली, कारण पश्चिम बर्लिनमधले रेल्वेचे हक्क त्या नावाला बांधलेले होते.

काढलं नाही का काहीच? काढलं ना. हिटलरच्या नावाचे रस्ते, चौक 1945 नंतर गेले, स्वस्तिक मिरवायला कायद्याने बंदी आली, आणि ते योग्यच केलं. आजचा देश बेकायदा, खरं राइश अजून जिवंत आहे असं मानणारे राइशब्युर्गर नावाचे लोक इथे आहेत, डिसेंबर 2022 मध्ये त्यातल्या एका गटाला सत्ता उलथवायच्या कटाच्या आरोपाखाली पकडलं, त्यामुळे तो शब्द एकटा आला की लोक आजही सावध होतात.

पण संसद बसते त्या इमारतीचं नाव राइशस्टागच राहिलं. आत गेलात तर भिंतींवर 1945 मध्ये सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने आणि खडूने रशियन लिपीत लिहिलेली नावं दिसतात, कोण कुठल्या गावाहून आला ते पण. जिंकून आलेल्या शत्रूचं लिखाण ते! नव्वदच्या दशकात दुरुस्ती करताना पॅनलमागे सापडलं, अश्लील होतं तेवढं काढलं, बाकी ठेवलं. पुढे काही खासदारांनी ते कमी करायची मागणी केली, ती मान्य झाली नाही. आज खासदार त्याच भिंतींजवळून सभागृहात जातात.

वाईट तेवढं काढून बाकी इतिहास वाचायला ठेवणं, हे आपल्या वादात मला कुठेच दिसत नाही. एक बाजू म्हणते नाव बदललं की अपमान धुतला गेला, दुसरी म्हणते नावाला हात लावला की इतिहास संपला, आणि गावातल्या पोराला नक्की काय सांगायचं यावर दोघंही गप्प. मला अहिल्यादेवींचं नाव द्यायला अजिबात हरकत नाही, त्यांचं चौंडी त्याच जिल्ह्यातलं. पण मग निजामशाहीचा अहमद कोण होता, चाँदबिबीने मुघलांविरुद्ध नगरचा किल्ला कसा लढवला, 1942 मध्ये इंग्रजांनी नेहरूंना तिथेच कसं डांबून ठेवलं, हे सगळं स्टेशनवर आणि किल्ल्याच्या दारात मोठ्या अक्षरात मराठीत लिहा की. मामेभाऊ तिथेच राहतो, ही मागणी त्याने नगरसेवकाकडे न्यावी असं मी त्याला सांगितलंय.