टाकीतलं पाणी शांत, म्हणजे पंप गेला?

संगणकाच्या चिप पाण्याने थंड ठेवण्याची व्यवस्था स्वतः जोडणाऱ्या कस्टम वॉटर-कूलिंगवाल्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. टाकीतलं पाणी हलताना दिसत नाही आणि जीपीयू (ग्राफिक्स चिप) पूर्वीपेक्षा जास्त तापतोय, म्हणजे पंप कमजोर झाला. तो १०० टक्क्यांवर चालवा, तरी फरक पडला नाही तर मोठा घ्या. जोडीला आणखी दोन दावे असतात: ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) उंचावर असला की पंपाची ताकद तिथेच संपते, आणि आरपीएम (पंपाचे मिनिटाला फेरे) बरोबर दिसला की प्रवाहही बरोबर. यातलं बहुतेक चुकीचं आहे, आणि या नादात चांगला पंप बदलला जातो.

आधी टाकी. ताशी १२० लिटर, म्हणजे मिनिटाला २ लिटर, हा घरगुती लूपसाठी (टाकी, पंप, ब्लॉक आणि रेडिएटर यांतून फिरणाऱ्या पाण्याच्या बंद मार्गासाठी) चालण्यासारखा प्रवाह आहे. टाकीचा आतला व्यास ६० मिमी असेल तर एवढ्या प्रवाहात पाणी सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकतं. रंग नसलेल्या पाण्यात ते डोळ्यांना कळणारच नाही. तेच पाणी १० मिमीच्या नळीतून सेकंदाला सुमारे ४२ सेंटिमीटर धावत असतं. तेव्हा डोळ्यांवर जाऊ नका, मोजा. फ्लो मीटर नसेल तर टाकीत परतणारी नळी सोडून मोजपात्रात धरा आणि टाकीत वरून पाणी ओतत राहा. मोजपात्राचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला हवं, खाली धरलंत तर आकडा फुगतो. लिटर भरायला ३० सेकंद लागले तर ताशी १२० लिटर. या वेळी मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर वायरी काढलेल्या असाव्यात. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरीला जोडली की पॉवर सप्लाय एकटा सुरू होतो.

इथे एक खाच आहे. डी५ या प्रचलित पंपाच्या पीडब्ल्यूएमवाल्या, म्हणजे मदरबोर्डच्या सिग्नलवर वेग ठरणाऱ्या, नगांपैकी बरेचसे सिग्नल न मिळाल्यास साधारण ६० टक्के वेगावर चालतात. मोजताना हे गृहीत धरा. आणि एरवीही, सिग्नलची बारीक वायर मदरबोर्डवरच्या हेडरवरून (पिनांच्या जोडणीवरून) निसटली असेल किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) तो हेडर सीपीयूच्या तापमानाला बांधलेला असेल, तर पंप ‘कमजोर’ वाटणारच. व्हेरिओ डी५ला, म्हणजे हाताने वेग ठरवायच्या प्रकाराला, मागे १ ते ५ची छोटी चकती असते. ती १ वर राहिली की तोच प्रकार.

उंचीचा मुद्दा लवकर संपतो. लूप बंद आणि पूर्ण भरलेला असेल तर वर चढणाऱ्या पाण्याचं वजन खाली उतरणारं पाणी भरून काढतं. पंपाला उरतं ते फक्त घर्षण. उंची आडवी येते ती पहिल्यांदा भरताना, नळ्यांमध्ये हवा असते तेव्हा. त्या वेळी पंप कोरडा चालू देऊ नका. डी५चं बेअरिंग पाण्यानेच ओलं राहतं. काही सेकंद चालवा, बंद करा, टाकी भरा, केस तिरकी करा, पुन्हा तेच.

आरपीएमचा दावा सर्वांत फसवा. आरपीएम फक्त रोटर (पंपाचा फिरता भाग) फिरतोय एवढंच सांगतो. लूप तुंबला की डी५सारख्या पंपावरचा भार उलट कमी होतो, त्यामुळे आकडा नेहमीसारखा किंवा किंचित जास्तच दिसतो. पंपात हवा अडकली तरी तेच. आरपीएम छान आणि मोजपात्र भरायला दोन मिनिटं, असं असेल तर सीपीयू ब्लॉक उघडा. तांब्याच्या पात्यांमधल्या फटी मिलिमीटरचाही अंश असतात, त्यामुळे लूपमधली सगळी घाण तिथेच गाळली जाते: मऊ पारदर्शक नळीतून सुटलेलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन), रंगीत कूलंटचा साका, न धुतलेल्या रेडिएटरमधला फ्लक्स (डाग देताना वापरलेलं रसायन). मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड वॉटर पुरतं. सुई घालू नका, आणि निकेल चढवलेल्या ब्लॉकला व्हिनेगर लावू नका. ब्लॉकचं इन आणि आउट उलटं जोडलेलं नाही ना, क्विक-डिस्कनेक्ट (नळी पटकन सोडवायचा जोड) पूर्ण बसलाय ना, वळणावर नळी दुमडली नाही ना, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

मोठ्या पंपाने काय मिळतं? ५०० वॉट उष्णता आणि मिनिटाला २ लिटर पाणी असेल तर लूपमधल्या सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम पाण्यात सुमारे ३.६ अंशांचा फरक पडतो. दुसरा तसाच पंप मालिकेत, म्हणजे पहिल्याच्या पुढे, जोडला तर प्रवाह दुप्पट होत नाही, कारण लूपमध्ये पाण्याला होणारा रोध प्रवाहाच्या जवळपास वर्गाने वाढतो. वाढ ४० टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. म्हणजे ३.६चे २.६ झाले. एका अंशासाठी दुसरा पंप! मात्र प्रवाह मिनिटाला अर्ध्या लिटरवर आला असेल तर हाच फरक १४ अंश होतो. तिथे दुखणं खरं आहे, पण त्याचं कारण बहुधा तुंबलेला ब्लॉक असतं.

खोलीचं तापमानही जमेस धरा. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा नागपूरच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीतल्या आकड्याशी ताडून पंपाला दोष देणं हा अन्याय आहे. पाणी आणि खोली यांच्यातला फरक वाढला असेल तर रेडिएटरची धूळ आणि पंखे बघा. तो तसाच असून चिप आणि पाणी यांच्यातला फरक वाढला असेल तर बघा थर्मल पेस्ट (चिप आणि ब्लॉक यांच्यामधला लेप), ब्लॉकची पकड किंवा प्रवाह.

पंप खरंच गेलाय का हे ठरवायला त्याला एकटा पाडा. टाकी, पंप आणि आखूड नळीने परत टाकी. पंप चालू असताना मोलेक्सवर (पंपाला वीज देणाऱ्या कनेक्टरवर) १२ व्होल्ट मोजा, ११.४च्या खाली असेल तर दोष पॉवरचा. पूर्ण वेगावर डी५ने सुमारे ४८०० आरपीएम दाखवून पाणी जोरात फेकायला हवं. फेकत नसेल तर कॉलर (पंप आवळून धरणारी कडी) उघडा, चुंबकाने धरलेला रोटर सरळ वर ओढून काढा आणि त्याखालची वाटी, सिरॅमिकची गोळी पुसून घ्या. गोळीवर किंवा वाटीत चरे दिसले, किंवा स्वच्छ करूनही खरखर तशीच राहिली, तर नवा पंप घ्या.