‘स्वस्तात बुक केलं आणि फसलो’ या रिव्ह्यूला बोटमालकाचं उत्तर

नमस्कार,

आमच्या डाइव्ह बोटीवरच्या सहा दिवसांच्या सफरीबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू मी वाचला आणि मग कप्तान आणि डाइव्ह गाइड या दोघांना समोर बसवून पुन्हा वाचून दाखवला. तुमच्या तक्रारी अशा: केबिन काडेपेटीएवढी, रात्रभर जनरेटरची घरघर, तिसऱ्या दिवशी डोक्याला साबण लावलेला असताना पाणी गेलं, सहा दिवसांत चोवीसच्या जागी सतराच डाइव्ह (हवेचा सिलिंडर लावून समुद्रात मारलेल्या बुड्या) झाल्या, बुडालेल्या जहाजावर तुम्हाला नेलं नाही, रात्री कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करू दिल्या नाहीत, आणि भाड्याचा वेटसूट काखेत उसवलेला होता. यातलं एकही वाक्य खोटं नाही. जिथे चूक आमची आहे, तिथून सुरुवात करतो.

आमच्या वेबसाइटवर फोटो होता तो वरच्या डेकवरच्या केबिनचा, आणि तुम्हाला मिळाली ती खालची, इंजिनरूमच्या भिंतीला लागून असलेली. परवा मी स्वतः त्या खालच्या बंकवर एक रात्र झोपलो. कूस बदलताना खांदा वरच्या फळीला घासतो, आणि उशीला कान टेकला की जनरेटर आवाजापेक्षा थरथरीतून जास्त जाणवतो. बजेट बोटीवर खालच्या केबिन अशाच असतात, पण ते पैसे भरण्याआधी कळायला हवं. आता त्या केबिनचा, तिथल्या अरुंद जिन्यासकट, खरा फोटो टाकला आहे. वेटसूटचं सहाही दिवसांचं भाडं तुम्हाला परत पाठवलं आहे.

आता पाणी. बोटीवरचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच बनतं. खारं पाणी पन्नास-साठ बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) एका पडद्यातून ढकललं की मीठ मागे राहतं. हे यंत्र स्वच्छ, मोकळ्या पाण्यातच चालवता येतं. गढूळ पाण्यात चालवलं तर आधी फिल्टर तुंबतात आणि पुढे तो महागडा पडदाही खराब होतो. दुसऱ्या दिवशी रात्री वारा वाढला म्हणून कप्तानाने बोट आडोशाच्या खाडीत आणून नांगर टाकला. तिथलं पाणी मातकट, त्यामुळे यंत्र बंद. टाकीतलं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवायचं म्हणून आंघोळीचा नळ बंद केला. हा निर्णय मी आजही बरोबर मानतो. पण तो कोणालाही न सांगता घेतला. नाश्त्याच्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते कोणी बोललं नाही, आणि तुम्ही साबणाने चुरचुरणारे डोळे घेऊन डेकवर आलात. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. यापुढे रोज सकाळी ब्रीफिंगच्या फळ्यावर टाकीतल्या पाण्याचा आकडाही लिहिला जाईल.

डाइव्हचा हिशेब त्याच वाऱ्याशी जोडलेला आहे. जाहिरातीत ‘दिवसाला चार डाइव्ह’ आहे, म्हणून तुम्ही सहा गुणिले चार केलं. कोणीही तेच करेल. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दोनच होतात, त्यातलीही पहिली ‘चेक डाइव्ह’, म्हणजे अंगावर बांधायचं वजन आणि तरंगणं तपासायची. शेवटच्या दिवशी एकही नाही, कारण बऱ्याच जणांना लगेच विमान पकडायचं असतं. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यावर उड्डाणाआधी किमान 18 तास थांबावं, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. अंगात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. आम्ही 24 तास धरतो. म्हणजे ठरलेल्या अठरा, त्यातली एक वाऱ्याने गेली. जाहिरातीत आता एकूण आकडाच लिहिला आहे.

बुडालेल्या जहाजाच्या बाबतीत मात्र मी गाइडच्या बाजूने उभा आहे. त्या जहाजाचा डेकच 26 मीटरवर सुरू होतो आणि खाली उतरायची दोरी सोडली की पाण्याचा प्रवाह बाजूला ओढतो. तुमचं सर्टिफिकेट ओपन वॉटर या सुरुवातीच्या पातळीचं, म्हणजे 18 मीटरपर्यंतचं, आणि लॉगबुकात (डाइव्हच्या नोंदवहीत) आधीच्या अकरा डाइव्ह होत्या. महागड्या बोटीवर एका गाइडमागे चार जण असतात, आमच्याकडे आठ. स्वस्ताईचा हाही एक भाग आहे, तो लपवत नाही. आठांपैकी एकाची हवा लवकर संपत आली तर गाइडला बाकीच्या सातांचंही बघावं लागतं. तुमचा चेक डाइव्हचा आकडा मी पाहिला: तेहतीस मिनिटांत सिलिंडरमधला दाब 200 बारवरून 50 वर. नवीन माणसाला एवढी हवा लागतेच, त्यात कमीपणा काही नाही. पण 26 मीटरवर बाहेरचा दाब 3.6 पट होतो, हवाही त्याच पटीने संपते, आणि वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटं थांबण्यापुरती उरावी लागते. तुम्ही उथळ रीफवर चिडून उतरलात हे गाइडने मला सांगितलं. पुन्हा तीच वेळ आली तर तो पुन्हा तेच करेल.

चार्जिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इतर पाहुणेही हे वाचतील. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट जळाली. खालच्या बंकरूममध्ये झोपलेले सगळे, 34 जण, गेले. आग कशाने लागली हे चौकशीतही नक्की ठरलं नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या हे संभाव्य कारणांपैकी एक होतं. पण रात्री बोटीवर फिरून बघणारा जागता माणूस नव्हता, आणि बंकरूमचे जिना व आपत्कालीन झडप हे दोन्ही मार्ग वरच्या एकाच, पेटलेल्या खोलीत उघडत होते, हे स्पष्ट झालं.

त्या बातमीनंतर आम्ही केबिनमधल्या चार्जिंगवर बंदी घातली. चार्जिंग फक्त दिवसा, मागच्या उघड्या डेकवर, कोणाच्या तरी नजरेसमोर. रात्री दहा वाजता स्विच बंद. तुम्ही लिहिलंत, रात्री दोन वाजता कोणीतरी केबिनबाहेर टॉर्च घेऊन फिरत होतं आणि झोपमोड झाली. तो आमचा खलाशी होता. दर तासाला तो इंजिनरूम, स्वयंपाकघर आणि केबिनसमोरची वाट तपासतो, दरवाज्यांवर हात ठेवून गरम लागतंय का बघतो. तो यापुढेही फिरेल. टॉर्च जमिनीकडे धर, एवढं त्याला सांगितलं आहे.

आमचे दर कमी आहेत ते केबिन, जेवणातली निवड, टॉवेल आणि गाइडची संख्या यांत हात आखडल्यामुळे. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचे फिल्टर, बोटीवरचा ऑक्सिजन आणि रात्रीचा पहारा यांत काटकसर होत नाही. हे तुम्हाला किनाऱ्यावर पोचल्यावर रिव्ह्यूच्या उत्तरात कळावं, याचं मला वाईट वाटतं. बुकिंगच्या पानावर ते आता सगळ्यात वर आहे.

आणखी एक, तुमची लॉगबुक जेवणाच्या टेबलाखालच्या खणात सापडली आहे. सतराही डाइव्हवर गाइडने सही करून ठेवली आहे. पत्ता इथे न लिहिता बुकिंगच्या ईमेलवर कळवा, कुरिअरने पाठवतो.