छोटा दांडा

डांबरी रस्ता जिथे कंटाळून थांबतो त्याच्याही पुढे घर बांधलं की माणसाला दोन नाद लागतात: आभाळाकडे बघत बसण्याचा आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या, गाड्यांच्या जाहिराती वाचण्याचा. पहिला फुकट आहे. दुसराही सुरुवातीला फुकटच असतो, म्हणून तो जास्त धोक्याचा.

नवीन गाडी घेण्याची ऐपत नव्हती, हे जुनी घेण्याचं खरं कारण. पण ते एका वाक्यात संपतं आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नको ती सहानुभूती येते. त्यामुळे मी लोकांना दुसरं कारण सांगायचो. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, उगाच पेटणारे पिवळे दिवे नाहीत. खाली शिडीच्या आकाराची जाडजूड चासी, चाकांवर पाटे, वर पत्रा. पान्ह्याने सगळं उघडतं आणि पान्ह्यानेच बसतं.

"उघडाल तुम्ही, बसवणार कोण?" असं बायकोने विचारलं. तिला यंत्रविद्येत पहिल्यापासून गोडी कमी.

अभ्यास मात्र मी कसून केला. 1941 पासून विलीजने सैन्यासाठी बनवलेल्या जीपपर्यंत मागे गेलो. 1948 साली ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आली ती शेतीच्या कामासाठी, आणि युद्धानंतर पोलादाचं रेशनिंग होतं म्हणून तिचा पत्रा अॅल्युमिनियमचा, हेही घरात मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे एका विक्रेत्याने "साहेब, अॅल्युमिनियम बॉडी, गंजाचा प्रश्नच नाही" असं सुनावलं तेव्हा ही विद्या कामी आली. पत्रा नसेल गंजत, पण तो ज्या चासीवर बसलाय ती पोलादाचीच असते. शिवाय दोन धातू एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं ओले राहिले की जोडावरच्या अॅल्युमिनियमची पांढरी पूड होऊन ते झडतं. मी हे सगळं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी दुसऱ्या कोणाला तरी विकली.

जाहिरातींची भाषा शिकायला थोडा वेळ लागतो. 'डॉक्टरची गाडी' म्हणजे मधल्या चार मालकांच्या आधी कधीतरी एक डॉक्टर होता. 'किरकोळ काम बाकी' म्हणजे इंजिन. 'शौकिनांसाठी' म्हणजे कागदपत्रं विचारू नका. पण मला खरा घोर लावला तो 'कधीच चिखलात घातलेली नाही' या वाक्याने. विकणारे ते अभिमानाने लिहितात. अरे, मग ही गाडी घेतली कशाला होती? दारात उभी करून जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायला?

इथे त्या छोट्या दांड्याबद्दल सांगायला हवं. मोठ्या गिअरच्या शेजारी एक बुटका दांडा असतो. एरवी इंजिनाची ताकद मागच्याच दोन चाकांना मिळते. दांडा 'फोर हाय'वर टाकला की ट्रान्सफर केसमधून ती पुढच्या चाकांनाही जाते. 'फोर लो'वर टाकला की गाडी गोगलगाय होते, पण ओढ साधारण दोन-अडीच पट वाढते. सगळे जादा पैसे आपण या बुटक्यासाठी मोजतो, आणि जुन्या गाडीत नेमका तोच हलत नाही. वर्षानुवर्षं कोणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे आतला जोड गंजून जाम होतो. चिखलात न घातलेल्या गाडीचं हे असं आहे.

गाड्या बघायला मी आमच्या मिस्त्रींना घेऊन जायचो. मितभाषी माणूस. मी रंग, सीट, टेपरेकॉर्डर बघत असे. ते आधी बॉनेटवर तळहात ठेवत. भल्या पहाटे एका ठिकाणी गेलो. गाडी इतकी चकचकीत की मी तिच्यात बघून केस सारखे केले. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि मालकाकडे पाहिलं.

"गरम आहे."

"ऊन लागलं असेल," मालक म्हणाला.

सूर्य अजून उगवायचा होता.

गार इंजिन सुरू होताना किती खोकतं, किती वेळ धूर ओकतं, हे गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून ते आधीच तापवून ठेवतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, आणि पांढरा थांबतच नसेल तर पाणी बघायचं. गाडी तापवून ठेवली की यातलं बरंचसं झाकलं जातं. मिस्त्री काही बोलले नाहीत. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून ते गाडीखाली शिरले. खाली सगळीकडे नवा कोरा काळा रंग. त्यांनी मागच्या चाकाजवळ चासीला टोचलं आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"इथे कोण कशाला टोचतंय?" मालक दुखावल्या सुरात म्हणाला. जणू टोचलं नसतं तर चासी तिथे होती.

दुसरी एक गाडी मात्र जवळपास घेतलीच होती. दांडा लोण्यातून सरकावा इतका अलगद पडत होता. मी विजयी मुद्रेने मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "फोर हायवर टाका, मातीत न्या, स्टिअरिंग पूर्ण कापा आणि सावकाश गोल फिरवा."

ही परीक्षा फार गमतीची आहे. वळताना पुढची चाकं मोठा घेर घेतात, मागची लहान. पण अशा गाडीच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जोडणी, नसतो; पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही शाफ्टना सारख्याच वेगाने फिरावं लागतं, आणि आत नुसती ओढाताण सुरू होते. स्टिअरिंग जड होतं, चाकं माती खरडतात, गाडी अडखळत वळते. मातीत चाक घसरून आपली सुटका करून घेतं. कोरड्या डांबरावर ती सोय नसते, सगळा ताण आतल्या दात्यांवर जातो, म्हणून तिथे हा प्रयोग करायचा नाही. तर मुद्दा असा की गाडी कुरकुरली पाहिजे.

ही गोड वळली. एका बोटाने वळली. मी खूश.

मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेले. या वेळी लवकर बाहेर आले. "पुढचा प्रॉपेलर शाफ्टच नाही."

म्हणजे दांडा पडत होता, दिवा लागत होता, ट्रान्सफर केस इमानाने ताकद पुढे पाठवत होती, आणि पुढे ती न्यायला कोणीच नव्हतं. मालकाला विचारलं. तो अजिबात वरमला नाही. "काढून ठेवलाय. आवाज करायचा. आता बघा, वजन कमी, ॲव्हरेज वाढलं."

"मग ही फोर बाय फोर कशी?"

"कागदोपत्री आहे ना!"

कागदोपत्री चिखलातून बाहेर कसं यायचं, ते त्याने सांगितलं नाही.

टायरांचं थोडक्यात सांगतो. टायरच्या कडेला 'डीओटी' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3109 असेल तर टायर 2009 सालच्या 31 व्या आठवड्यातला. आकडे तीनच असतील तर तो 2000 सालाच्या आधीचा. "टायर नवेच आहेत, नक्षी बघा" म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या स्टेपनीवर मला तीन आकडे सापडले. नक्षी खरोखर नवी होती. रबर मात्र नखाने टकटक वाजत होतं.

या सगळ्यातून माझं एक मत झालं, आणि ते गाडीपेक्षा मालकाबद्दल आहे. 'काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. जुन्या गाडीला प्रॉब्लेम नसतील असं होत नाही. फार तर मालकाला ते माहीत नसतात किंवा आपल्याला सांगायचे नसतात. ज्याला गाडीच्या खोडी नावानिशी पाठ आहेत त्याने ती वापरलेली असते.

असे एक आजोबा शेवटी भेटले. गाडी बघितली आणि बायको म्हणाली, "धुतल्यावर कळेल कोणता रंग आहे." दारावर पोचे, मागच्या हौद्यात गवताच्या काड्या, दोरखंड, एक फावडं. बॉनेट गार. आजोबांनी किल्ली फिरवली, गाडी दोन आचके देऊन सुरू झाली, थोडा काळा धूर सोडला आणि गप्पपणे चालू राहिली. मिस्त्रींनी मागच्या ॲक्सलचा नट उघडून बोट आत घातलं आणि उजेडात धरलं. ऑइल सोनेरी, स्वच्छ. गरम ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, मग ऑइल दुधाळ होतं. इथे तसं का झालं नाही, ते मिस्त्रींनी शोधलं: आजोबांनी ॲक्सलच्या हवेच्या भोकाला रबरी नळी जोडून ती थेट वर, पाण्याच्या पातळीच्या बाहेर नेऊन बांधली होती. मिस्त्री हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मातीत गोल फिरवली तेव्हा गाडी अशी कण्हली, अशी अडखळली की माझे डोळे भरून आले.

मग आजोबांनी खोडी सांगायला घेतल्या. "थंडीत रिव्हर्स पडत नाही. आधी दुसरा टाकायचा, मग रिव्हर्स. डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली थापा मारतो, त्याच्यावर जायचं नाही. डावं दार उचलून बंद करायचं. पाऊस उजवीकडून असेल तर पायात पाणी येतं."

"आणि डावीकडून असेल तर?"

"तर बाजूच्याच्या पायात."

"आजोबा, उतारावर कशी आहे?" बायकोने विचारलं. बरोबर प्रश्न तिलाच सुचला.

"लो टाकून पहिल्या गिअरमध्ये सोड पोरी, ब्रेकला पाय लावू नकोस, आपली आपण उतरेल. पण चारही चाकं ओढतात म्हणून वेगात शहाणपणा करायचा नाही. ओढायला चार चाकं आपल्यालाच. थांबायला चार सगळ्यांच्याच गाडीला."

चासी नंबर कागदांवरच्या नंबरशी जुळवून पाहिला, तो आकडा न् आकडा जुळला. किंमत सांगत नाही. दोन आहेत, एक दिलेली आणि एक घरी सांगितलेली. गाडीच्या कंपनीचं नावही सांगत नाही, कारण ती आता खिडकीबाहेरच उभी आहे आणि तिच्या कानावर काही गेलं की दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही.

घरी आल्यावर कळलं की गाडी कोणाची हे कागदावर ठरतं, चालवणार कोण हे नाही. बायकोने ती पहिल्याच पावसात ताब्यात घेतली. तिला ते दुसरा-मग-रिव्हर्स एका झटक्यात जमतं. मला अजून हात जोडावे लागतात. माझ्याकडे हब आले. या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध मुठीत मावेल अशी एक गोल चकती आहे, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' लिहिलंय. दांडा आतून टाकला तरी ही चकती बाहेरून हाताने फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांना पत्ता लागत नाही. ती फिरवायची आठवण गाडी अडकल्यावरच होते. आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याने उतरायचं नसतं, असा नियम आमच्या घरात कधी झाला ते मला माहीत नाही.

परवा ओढ्याच्या वळणावर मागची चाकं रुतली. मी उतरलो, पिंडरीपर्यंत चिखलात उभा राहून चकती फिरवली, चढून बसलो, पाय पुसले. तिने दांडा टाकला, क्लच सोडला. मागची चाकं फिरली, पुढची जागची हलली नाहीत. एक हब लॉक आणि एक फ्री असला की डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला उधळून टाकतो, हे मला तोंडपाठ आहे. मी ते तिला समजावून सांगायला सुरुवातही केली.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या बाजूचा फिरवलात. माझ्या बाजूचा?"