कुठलंही साउंड कार्ड कुठंही बसतंय म्हणे!

निपाणीच्या आतेभावाचा परवा फोन, "दादा, तुझ्याकडं बारीक कानस हाय काय?" म्हटलं कशाला, तर म्हणतोय साउंड कार्ड घासायचंय. डीटीपी सेंटर बंद झाल्यावर तिथला पेंटियम त्यानं घरी नेलाय, डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचे, जुने गेम आवाजासकट खेळायचेत, आणि कुणीतरी त्याला तो "जुन्या पीसीत साउंड कार्ड बसवायचे सोपे नियम"वाला फॉरवर्ड धाडलाय. बेळगावच्या दोन ग्रुपवर मलाही येऊन गेलाय तो, एकदा मराठीत, एकदा कन्नडात, तेव्हा सोडून दिला. आता घरचाच माणूस कानस मागालाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

तर आधी कानसच. फॉरवर्ड म्हणतो, "कार्ड बसत नसेल तर खाच कानशीने मोठी करा, सगळे स्लॉट सारखेच असतात." कुठले सारखे? स्लॉट म्हणजे बोर्डावरची कार्ड खोचायची खोबण. लांब काळा असतो तो जुना आयएसए, त्यात दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. आखूड, बहुतेक पांढरा, तो नंतरचा पीसीआय, तिथं १.२७. म्हणजे पीसीआय कार्ड घासून घासून आयएसएत कोंबलंसच तर कुठली पट्टी कुठल्या पिनला टेकेल याचा पत्ता नाही, आणि त्या स्लॉटात नुसते ५ व्होल्ट नसतात, १२ पण असतात. बरं पीसीआयच्या खाचासुद्धा कुणी शोभेला ठेवलेल्या नाहीत. ५ व्होल्टच्या स्लॉटला प्लास्टिकची आडकाठी एका टोकाकडं, ३.३ व्होल्टच्या स्लॉटला दुसऱ्या टोकाकडं, आणि दोन्हीवर चालणाऱ्या कार्डाला दोन्ही खाचा. पेंटियमच्या जमान्यातले घरगुती बोर्ड ५ व्होल्टवाले. नुसतं ३.३ चं कार्ड चुकून त्यात जाऊ नये म्हणूनच ती आडकाठी केलीय की, आणि हे शहाणे सांगतात घासा! कार्ड गेलं तर एकवेळ चालेल, बोर्ड जळला तर तसला दुसरा खडेबाजार पालथा घातलास तरी मिळायचा नाही. आणि साधी गोष्ट, त्या काळातलं साउंड कार्ड बरोबर स्लॉटात न घासता बसतं. बसत नाही म्हणजे बहुतेक तू दुसऱ्याच स्लॉटात घालालास.

मग म्हणे "जितकं नवीन तितकं चांगलं, सरळ साउंड ब्लास्टर लाइव्ह घ्या." १९९८ चं पीसीआय कार्ड ते. विंडोज ९८ वर झकास आहे, आवाज जुन्या साउंड ब्लास्टर १६ पेक्षा स्वच्छ, जिवावर येतं पण एवढं मान्य. पण डॉसचा गेम विंडोजच्या ड्रायव्हरला विचारायला जात नाही, तो थेट कार्डाशी बोलतो. साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीचंच हार्डवेअर प्रोग्रॅमिंग गाइड आहे, नेटवर स्कॅन सापडतं, त्यात डीएसपी (कार्डावरची आवाजाची चिप) रीसेट करायची रीत वाचा: पोर्ट २२६ वर, म्हणजे कार्डाच्या पत्त्यावर, १ लिहायचा, ३ मायक्रोसेकंद थांबायचं, ० लिहायचा, मग २२ए वर एए आलं तर कार्ड आहे (हे सगळे हेक्समधले आकडे). गेम असं दार वाजवतो आणि पीसीआय कार्ड त्या पत्त्यावर राहतच नाही, शिवाय आयएसएच्या आयआरक्यू (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची) आणि डीएमए (मेमरीतून थेट डेटा घ्यायची) या लाइनी पीसीआय स्लॉटात नसतात. म्हणून लाइव्हला डॉसमध्ये नक्कल करणारा ड्रायव्हर लागतो, त्याला ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी-मॅनेजर लागतो, आणि तो चढवला की काही गेम अडून बसतात. यामाहाची वायएमएफ७२४ वाली पीसीआय कार्डं त्यातल्या त्यात बरी, आत खरी ओपीएल३, म्हणजे जुन्या गेमचं संगीत वाजवणारी चिप, आहे, पण बोर्डावर एसबी-लिंकची (आयआरक्यू-डीएमएचे इशारे वायरनं कार्डाला पोचवणारी) जागा असली तरच पूर्ण मजा.

"बॉक्सवर साउंड ब्लास्टर कंपॅटिबल लिहिलं की झालं." कुठल्या साउंड ब्लास्टरशी कंपॅटिबल? १९८९ चा पहिला, १९९१ चा प्रो, की १९९२ चा १६? खुद्द १६ सुद्धा प्रोशी पुरता जुळत नाही. प्रोमध्ये स्टिरिओ मिक्सरच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) ०ई रजिस्टरातून चालू होतो, १६ मध्ये ती सोयच नाही, म्हणून प्रोसाठी लिहिलेला स्टिरिओ त्यावर मोनो वाजतो. ज्याला कुणी विचारत नाही ते ईएसएस कंपनीच्या १८६८ चिपचं आयएसए कार्ड मात्र तो नीट स्टिरिओत वाजवतंय.

"लांब जुनी कार्डं भंगारात द्या, सोनं निघतं." मुलामा असतो हो, नखाएवढा पण नाही. द्यायचीच असतील तर मला द्या.

राहिलं "प्लग अँड प्ले आहे, सेटिंग बघू नका." विंडोजात खरं आहे बऱ्यापैकी. डॉसात नाही. भावा, तुझ्या मशीनला डीटीपीचा प्रिंटर अजून एलपीटी१ लाच (प्रिंटरच्या पोर्टला) आहे ना? त्याचा आयआरक्यू ७. कार्ड पण ७ वर ठेवलंस तर दोघं एकमेकांच्या पायात येणार. ईएसएस घेतलंस तर त्याच्या सेटअपमध्ये ५ निवड आणि ऑटोएक्झेकमध्ये (डॉस सुरू होताना चालणारी फाइल) "सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी४" घाल, अर्थात इंग्रजी अक्षरांत. दोन्हीकडं आकडे एकच पाहिजेत, नाहीतर कार्ड ५ वर आणि गेम ७ वर वाट बघत बसतोय, मग आवाज येत नाही म्हणून परत मलाच फोन करशील.