डबा विकते, म्हणूनच बोलते

बाळाच्या दुधाचा डबा न्यायला बहुतेक वेळा बापच येतात. रात्री नवाच्या सुमाराला, मी शटर अर्ध्यावर ओढलेलं असताना. मोबाईलवर डब्याचा फोटो असतो, नाहीतर डिस्चार्जच्या कागदावर कुणीतरी खरडलेलं नाव. "भुरग्याची पावडर आसा?" हे इतक्या हळू विचारतात की बाजूचं गिऱ्हाईक मुद्दाम मान वळवून बघतं. हल्ली कंडोमसुद्धा लोक यापेक्षा मोठ्या आवाजात मागतात.

गोव्यातल्या फोंड्यात माझी फार्मसी आहे, त्यामुळे हे नेहमीचंच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह आला की फेसबुकवर गुलाबी पोस्टर्स सुरू होतात. त्यातली आई कायम केस विंचरलेली, खिडकीपाशी बसून हसत पाजणारी. टाके नाहीत, चिरा नाहीत, छाती तटतटलेली नाही, मागे उभी राहून "पुरतं का गं त्याला?" विचारणारं कुणी नाही. माझा पोस्टरला विरोध नाही. आईच्या दुधाला तोड नाही, हे मी डबे विकून सांगते. पण आपल्याकडे अंगावर पाजायचा उपदेश भरपूर होतो, ते शिकवायला मात्र कुणाला वेळ नसतो. आणि वरचं दूध द्यायची वेळ आली की सगळे गप्प. जणू त्याबद्दल बोललं की पाप लागेल. ही गप्प बसण्याची पद्धत बाळांना बाधते, एवढंच मला सांगायचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी अंगावरच्या दुधाचं. गोव्यात बाळंतपणं जवळजवळ सगळी इस्पितळात होतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे शंभरातली सुमारे चाळीस सिझेरियनने. म्हणजे पोटावर टाके, हाताला सलाईन, कूस बदलायची चोरी, आणि अशा बाईला सांगायचं, तासाभरात बाळाला छातीशी घ्या. घेता येतं, येत नाही असं नाही. पण कुणीतरी बाळ हातात धरून, त्याचं तोंड नीट उघडून, नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात जाईल असं लावून द्यावं लागतं. एकदा, दोनदा नाही. दर वेळी, पहिले दोन-तीन दिवस. ज्या वॉर्डात एका नर्सबाईकडे डझनभर बाळंतिणी असतात तिथे हे कोण करणार?

मग खाटेभोवतीची मंडळी करतात. पहिल्या दिवशी येतो तो पिवळसर, दाट चीक. चमचाभर. बघायला आलेली आत्या म्हणते, "एवढंच? हिला दूधच नाही." पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतंच पाच-सात मिली. चमचाभर चीक त्याला पुरून उरतो, आणि रोगापासून वाचवणारा पहिला ऐवज त्यातच असतो. खरं दूध उतरतं दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, सिझेरियन झालं तर कधी थोडं उशिरा. तोवर बाळाचं वजन थोडं घटतं, हेही ठरलेलंच. दोन आठवड्यांत ते भरून येतं. पण तिसऱ्या रात्री बाळ दर तासाला रडतं, आई रडते, आजी देवाला हात जोडते, आणि सकाळी बाप माझ्या दारात.

एक बाटली दिली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण बाटली पिऊन पोट भरलेलं बाळ छातीशी कमी वेळ ओढतं, कमी ओढलं की कमी बनतं, कमी बनलं की पुन्हा बाटली. आठवड्याभरात आत्याचं म्हणणं खरं ठरतं. ती म्हणतेच, "मी सांगत नव्हते?"

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून कळत नाही, लंगोटांवरून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहाच्या वर लंगोट भिजत असतील आणि वजन चढत असेल, तर पुरतंय. संध्याकाळी बाळ सारखं छातीला चिकटून असतं, तेही नेहमीचंच, त्याने दूध वाढतं. एवढं एक वाक्य आजीच्या कानावर गेलं तर माझे निम्मे डबे खपणार नाहीत. न खपोत. मेथीचे लाडू, अळिवाची खीर जरूर खा, चार दिवस बाळंतिणीचे लाड व्हायलाच हवेत. पण दूध वाढतं ते बाळाने ओढल्याने, विशेषतः रात्री. आणि त्या रात्री घरच्यांनी बाळ उचलून तिच्या कुशीत ठेवावं, पाणी द्यावं, ढेकर काढावी. तो लाडूपेक्षा मोठा खुराक आहे. गुटी आणि मध चाटवणं मात्र बंद करा. मधातून होणारा बोटुलिझम हा आजार वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो, आणि सहा महिन्यांपर्यंत तर पाणीसुद्धा लागत नाही, मे महिन्यातल्या गोव्यातही नाही.

आता डब्याचं. काही घरांत तो लागतोच. कुणाचं औषध असं असतं की पाजता येत नाही. कुणाला जुळी होतात, कुणाला खरंच पुरत नाही. कुणी बाळ दत्तक घेतलेलं असतं. कुणाला सगळं करून झाल्यावर मनानेच जमत नाही, आणि तेही कारण मला पुरेसं वाटतं. ज्या बाईला पाजायचं नाही तिच्याकडून खुलासा मागणारी आपण कोण? पण डबा घेतलेल्या आईला तो कसा बनवायचा हे शिकवणारं कुणी भेटत नाही. डिस्चार्जच्या कागदावर ब्रँडचं नाव असतं, कृती नसते. डब्यावर असते, बारीक अक्षरात, बहुतेकदा इंग्रजीत.

मग घरोघरी काय चालतं ते ऐका. एक आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत होते, पावडर महाग आहे म्हणून ते एका चमच्याला दुप्पट पाणी घालतात, "डबा आठ दिवस पुरवतो." नातू दोन महिन्यांचा. हिशेब बघा: त्या वयाचं बाळ दिवसाला साधारण सातशे मिली पितं. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांचं माप तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा. म्हणजे दिवसाला तेवीस-चोवीस चमचे, शंभर ग्रॅमच्या वर पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपायलाच हवा. आठ दिवस पुरतो याचा अर्थ बाळ अर्धपोटी आहे. मी त्यांच्यासमोर चमचा डब्यात बुडवून, सुरीने सपाट करून दाखवला. त्यांनी विचारलं, "हे आमकां कोणें सांगूंक ना?" मी काय उत्तर देणार?

उलटंही होतं. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून चमचा शीग भरून घालतात, मग शी कडक होते आणि माझ्याकडे ग्राइप वॉटर मागायला येतात. दाट दुधाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, हे त्यांना ठाऊक नसतं.

पावडर निर्जंतुक नसते हेही बऱ्याच जणांना माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं: पाणी उकळायचं, ते सत्तर अंशांच्या खाली जायच्या आत, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पावडर घालायची. आधी पाणी, मग पावडर. मग नळाखाली भांडं धरून कोमट करायचं आणि लगेच पाजायचं. बनवलेलं दूध बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही, उष्टं उरलेलं ओतून टाकायचं. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, बनवलेलं दूध नको. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, नाहीतर आजीचं बोंडलं, म्हणजे चोचीची वाटी. बाटलीच्या बुचात जो थर साचतो तो एकदा नखाने खरवडून बघा, मग बाटली किती घासावी लागते ते समजेल. वर्षाच्या आत पाणी घातलेलं गाईचं दूध हा तिसरा मार्ग नव्हे, त्यात लोह फार कमी.

"कायदा आहे ना, डब्याबद्दल बोलायला बंदी," असं मला एका इस्पितळातल्या ओळखीच्या बाईंनी सांगितलं. कायदा आहे, १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या खाण्याची आणि बाटल्यांची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डॉक्टरांना भेटवस्तू नाहीत, डब्यावर गोंडस बाळाचं चित्र नाही. फार चांगला कायदा. कंपन्यांनी जगभर जे केलं त्यावरून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आचारसंहिता केली, त्याच वाटेने आपला कायदा आला. पण त्याच आचारसंहितेत लिहिलंय की ज्यांना डबा खरंच लागतो त्यांना तो बनवायचा कसा हे आरोग्यसेवकांनी दाखवावं, चुकीच्या वापराचे धोके समजावून. बंदी विकण्याच्या भाषेवर आहे, शिकवण्यावर नाही. आपण मात्र उलटं करून ठेवलंय: कागदावर ब्रँड लिहितो आणि कृती सांगत नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे रागच येतो. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर मागे उरतात अठरा. सहा महिने निव्वळ अंगावर पाजा म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करावी. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुटी, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर, हे सगळं कायद्यात आहे. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट करणारी पोर सुपरवायझरकडे ही सुटी मागून बघू दे. दूध काढायचं तर टॉयलेटमध्ये उभं राहून, ठेवायचं तर कँटीनच्या फ्रिजमध्ये, कुणाच्या तरी सुंगटांच्या (कोळंबीच्या) डब्याशेजारी. तिने तिसऱ्या महिन्यात डबा सुरू केला तर मी तिला चमचा सपाट कसा करायचा ते दाखवीन, भाषण देणार नाही.

"तू डबे विकतेस, तुझं काय जातं?" असं कमेंटमध्ये कुणी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. डब्यावर सुटतं ते किरकोळ. ते नाही सुटलं तरी दुकान चालतं.

इस्पितळांकडे माझं मागणं दोनच ओळींचं आहे. डिस्चार्जच्या कागदावर एक फोन नंबर लिहा, जो तिसऱ्या रात्री कुणीतरी उचलेल आणि बाळ कसं लावायचं ते सांगेल. आणि ज्या कागदावर पावडरचं नाव लिहाल, त्या घरातल्या एका माणसाला, आजी असो वा बाप, तुमच्यासमोर एकदा दूध बनवायला लावा. पाच मिनिटं लागतात, मी काउंटरवर करून बघितलंय, तेही रांग लागलेली असताना.