‘जे झाले ते चांगल्यासाठीच’ हे गीतेत नाही

‘जे झाले ते चांगल्यासाठीच झाले, जे होईल तेही चांगल्यासाठीच’ हा मजकूर ‘गीतासार’ म्हणून सर्रास फिरतो. गीतेच्या 700 श्लोकांत असा एकही श्लोक नाही.

कोणाला त्यातून धीर मिळत असेल तर जरूर मिळो; पण घरात मृत्यू झालेल्या माणसाला ते कृष्णवचन म्हणून ऐकवू नये, ही कळकळीची विनंती. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडाला कोरड पडते, अंग कापते, गांडीव हातातून गळते. त्यावर ‘हे चांगलंच झालं’ असं कृष्ण म्हणत नाही. तो प्रश्न ऐकतो, उत्तरं देतो. मन आवरत नाही या तक्रारीवर अभ्यास (म्हणजे सततचा सराव) आणि वैराग्य सुचवतो (6.35). शेवटी सांगतो: पूर्ण विचार कर, मग तुला वाटेल तसं कर (18.63).