पाऊण टाकी बघतात, स्पीड कोण बघणार?

इथे सिंगापुरात आपल्या मराठी ग्रुपवर दर सुट्टीला एक विषय येतोच येतो, या मलेशियन गाडीवाल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. कोणीतरी डॅशकॅमचा व्हिडिओ टाकतं, प्लेट 'जे'वरून सुरू होणारी म्हणजे पलीकडच्या मलेशियातल्या जोहोर राज्याची, की झालं, सगळे तुटून पडतात. आणि यातलेच काही सज्जन शनिवारी सकाळी कॉजवे (दोन देशांना जोडणारा पाण्यावरचा रस्ता) ओलांडून जेबीच्या, म्हणजे जोहोर बाहरू शहराच्या बाहेर पडले की कशी गाडी हाणतात ते मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बघितलंय.

इथे एक्सप्रेसवेला लिमिट ७० ते ९०, जागोजागी कॅमेरे, नियम मोडला की लायसन्सवर डीमेरिट पॉइंट चढत जातात, २४ महिन्यांत २४ झाले की लायसन्स सस्पेंड. म्हणून इथे सगळे शहाणे. तिकडे नॉर्थ-साऊथ हायवेला लिमिट ११०, मोकळा रस्ता, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की तिकडचा दंड काय आपल्या घरी येत नाही, पॉइंट तर नाहीच नाही. मग तुम्ही शंभरने ट्रकला ओव्हरटेक करत असता, डावीकडे सरकायला जागाच नसते, आणि मागून एक पांढरी जर्मन गाडी, प्लेट 'एस'ची म्हणजे सिंगापूरची, अपर-डिपर मारत पार बंपरला येऊन चिकटते. त्याला दोन सेकंद दम नाही. ट्रक मागे पडला रे पडला की हा असा सुटतो की पुढच्या वळणाला दिसतसुद्धा नाही. जोहोरचे लोक आपल्याबद्दल जे बोलतात ते आपण त्यांच्याबद्दल बोलतो त्याच्यापेक्षा काही वेगळं नाही हो.

पण मला जास्त राग येतो तो नियमांचा. परदेशी नंबरच्या गाड्यांवर नियम कमी आहेत असं अजिबात नाही. पलीकडे जाऊन स्वस्त पेट्रोल भरू नये म्हणून सिंगापूरची गाडी बाहेर नेताना टाकी पाऊण भरलेली पाहिजे, नाहीतर ५०० डॉलरपर्यंत दंड, हा नियम १९९१चा (त्याआधी अर्धी टाकी होती, काट्यात छेडछाड करणारे महाभागही पकडले गेलेत). पलीकडे गेलं तर पिवळ्या नोझलचं स्वस्त आरओएन ९५ पेट्रोल आपल्या गाडीत भरायला २०१० पासून बंदी. २०१६ पासून मलेशियात शिरताना २० रिंगिट रोड चार्ज. उलट दिशेने मलेशियन गाडी इकडे आली की वर्षातले फुकटचे १० दिवस संपल्यावर दिवसाला ३५ डॉलर, संध्याकाळ आणि वीकेंड सोडून. आणि सिंगापूरचा नागरिक किंवा पीआर असाल तर जोहोरची गाडी इथे चालवायचीच नाही, विषय संपला. त्याचं कारण उघड आहे, इथे सीओई म्हणजे दहा वर्षांच्या परवान्यालाच लाख डॉलरच्या वर जातात, गाडी वेगळी, तर लोकांनी पलीकडून स्वस्तात गाड्या आणल्या तर सगळा डोलारा कोसळेल. पटतं मला ते.

पण बघा ना, हे सगळं पैशाची राखण करणारं आहे. दंड थकवलेल्या परदेशी गाडीला चेकपॉइंटवरूनच परत पाठवायचं, हे सिंगापूरने जाहीर केलं एप्रिल २०१९ पासून. टाकीचा नियम १९९१चा, थकलेल्या दंडाचा २०१९चा, यातच सगळं आलं. धोकादायक ड्रायव्हिंगने कोणाचा जीव गेला तर पहिल्याच गुन्ह्याला ८ वर्षांपर्यंत जेल आहे इथे, कायदा मऊ नाही, पण ते माणूस मेल्यावर. त्याआधी तो रोज बंपरला चिकटत होता त्याचं काय?

म्हणून मलेशियाने १ जुलै २०२५ पासून व्हीईपीचा, म्हणजे परदेशी गाडीच्या प्रवेश परवान्याचा टॅग नसेल तर ३०० रिंगिट दंड सुरू केला तेव्हा ग्रुपवर केवढी रडारड झाली, फॉर्म किचकट, टॅग घ्यायला रांग, तेव्हा मी एकटाच म्हणत होतो की बरं झालं. गाडी कोणाची हे त्यांच्या सिस्टिममध्ये एकदा आलं की समन मागे लागू शकतं. आमच्या एमएच ०९च्या गाड्या गोव्यात काय दिवे लावतात ते म्हापशाच्या माणसाला विचारा, पण निदान तिथलं ई-चलान कोल्हापुरात गाडी नावावर करताना आडवं येतं, एकच देश आहे. इथे दोन देश आहेत आणि मध्ये एक किलोमीटरभर पाणी.

आता हे सांगा, आसियान देशांनी एकमेकांची लायसन्स मानायची हा करार १९८५चा आहे. माझं सिंगापूरचं लायसन्स क्वालालंपूरला चालतं, त्यांचं इथे चालतं. मग त्याच लायसन्सवरचे पॉइंट का चालू नयेत? जो तिकडे १६०ने पकडला गेला त्याचे पॉइंट इथे चढवा, आणि इथल्यांचे तिकडे.

असं केलं तर जोहोरचा धंदा बसेल म्हणतात. काही बसत नाही. स्वस्त किराणा आणि कार वॉशसाठी जे लोक कॉजवेवर तीन तीन तास अडकून बसतात ते पॉइंटला घाबरून घरी थांबणार आहेत होय?